मृग निघतो जूनमध्ये, दिसतो डिसेंबरात

‘मिरग निघाला’ असं कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्यात म्हणतात तेव्हा वर कुणी बघत नाही. बघून काही मिळणारही नसतं. ७-८ जूनला सूर्य मृग नक्षत्रात शिरतो. म्हणजे मृगाचे तारे त्या दिवसांत सूर्याबरोबर उगवतात, दिवसभर त्याच्या उजेडात बुडालेले असतात आणि त्याच्याबरोबरच मावळतात. शिवाय वर ढगांचं झाकण. रोहिणी, मृग, आर्द्रा, तरणा म्हणजे पुनर्वसू, म्हातारा म्हणजे पुष्य, मग आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा आणि हत्ती. घनसाळ भाताची पेरणी, रोपलावण, भांगलण, सगळी कामं ज्या नक्षत्रांच्या नावानं मोजायची, त्यातलं एकही नक्षत्र त्याच्या त्याच्या पावसात डोळ्यांना दिसत नाही. दिसतं ते सहा महिन्यांनी, मळणी होऊन भात घरात आल्यावर. तोवर शेतकऱ्याचं त्याच्याकडचं काम संपलेलं असतं आणि आकाश बघणाऱ्याचं सुरू झालेलं असतं.

याचं कारण साधं आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून प्रत्येक तारा रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतो. महिन्याला दोन तास, सहा महिन्यांत बारा. जूनमध्ये सूर्याबरोबर उगवणारा मृग डिसेंबरात सूर्य मावळताना उगवतो आणि रात्रभर सोबत करतो. आपल्या महिन्यांची नावं याच हिशेबातून आली आहेत. कार्तिकी पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकेजवळ, मार्गशीर्षातला मृगशीर्षाजवळ, चैत्रातला चित्रेजवळ. म्हणजे महिन्याचं नाव ठाऊक असलं की त्या महिन्यात संध्याकाळी पूर्वेला कोणतं नक्षत्र वर येत असणार, हे पुस्तक न उघडता सांगता येतं. शेतकऱ्याचं नक्षत्र सूर्याचं, महिन्याचं नक्षत्र पौर्णिमेच्या चंद्राचं. एकाच पंचांगात दोन्ही हिशेब नांदतात, आणि हौशी आकाशनिरीक्षकाला दुसरा उपयोगाचा.

आजऱ्यासारख्या गावात या हौसेचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं आणि मृगाला संपतं. आंबोलीचा घाट जवळ, त्यामुळे जून ते सप्टेंबर आकाश मिटलेलं. पण उरलेल्या आठ महिन्यांत या गावाला जे मिळतं ते पुण्या-मुंबईच्या माणसाला पेट्रोल जाळून शोधावं लागतं. आजरा सुमारे १६.१ उत्तर अक्षांशावर आहे. उत्तरेला कोल्हापूरचा उजेड सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटरवर, आग्नेयेला बेळगावचा चाळीस-पंचेचाळीसवर. या दोन्हींचा पिवळट फुगवटा क्षितिजाशी दिसतो. पूर्वेला गडहिंग्लज-संकेश्वरकडचा उजेडही आहेच. मात्र नेमक्या दक्षिणेला चंदगडचं रान आणि त्यापलीकडे तिलारीचं खोरं. आकाशगंगेचा सगळ्यात भरगच्च भाग दक्षिणेला असतो, आणि आपल्याकडे नेमकी तीच बाजू काळोखी. हे नशीब महाराष्ट्रात फार गावांना लाभलेलं नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली तेव्हा अंधार हीसुद्धा राखून ठेवायची वस्तू आहे, हे सरकारी कागदावर आलं. आजऱ्याच्या आसपासच्या सड्यांवर हा अंधार अजून फुकट आहे. पथदिव्यांचे पांढरे एलईडी वाड्यावस्त्यांवर ज्या वेगानं चढत आहेत ते पाहता तो फार वर्षं फुकट राहील असं वाटत नाही.

सड्यावर जायचं म्हणजे जांभ्याचा उघडा कातळ, झाड कमी, चारी बाजूंचं क्षितिज मोकळं. हिरण्यकेशीच्या काठानं बसण्यापेक्षा हे बरं, कारण थंडीत पहाटे नदीच्या खोऱ्यात धुकं भरतं आणि वर सडा कोरडा असतो. एक सूचना मात्र आधीच. हस्त नक्षत्राला इकडे हत्ती म्हणतात हे खरं, पण आजरा-चंदगड भागात खरे हत्तीही हिंडतात, गवे तर नेहमीचेच. त्या आठवड्यात कळप कुठे आहे याची चौकशी गावात करूनच रात्रीचं ठिकाण ठरवावं. तिवई घेऊन पळता येत नाही.

रात्र निवडायला वेगळं ॲप लागत नाही. भिंतीवरचं ‘कालनिर्णय’ पुरतं. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, उपवास सोडणाऱ्यांसाठी. थंडीत सूर्यास्त सहाच्या आगेमागे, सव्वासात-साडेसातपर्यंत संधिप्रकाश पूर्ण विरतो, आणि संकष्टीचा चंद्र नऊच्या सुमाराला येतो. म्हणजे मधला दीड तास पक्का अंधार. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे संकष्टीपासून अमावास्येपर्यंतची प्रत्येक संध्याकाळ आदल्या दिवसापेक्षा जास्त वेळ काळी. अमावास्येनंतरचे तीन-चार दिवसही चालतात, चंद्रकोर लवकर मावळते म्हणून. अमावास्येला घराबाहेर पडू नये म्हणणारी आजी प्रत्येक घरात असते. तिची समजूत काढणं हा या छंदातला पहिला अवघड टप्पा.

पाऊस ओसरल्यावरचा ऑक्टोबर हा हवेच्या दृष्टीनं उत्तम महिना. चार महिने धुतलेली हवा, धूळ नाही, धूर नाही. अंधार पडताच नैर्ऋत्येला धनू-वृश्चिकेतला आकाशगंगेचा गाभा दिसतो, तो साडेनऊच्या सुमारास मावळेपर्यंतचे दोन तास हाताशी. त्याच वेळी ईशान्येकडून शर्मिष्ठा वर येत असते आणि तिच्या शेजारी देवयानी. देवयानीतली दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांना फिकट डागासारखी दिसते. दुर्बीण न लावता माणसाला इतक्या दूरचं दुसरं काही सहज दिसत नाही. नेमकं तिच्यावर डोळे रोखले तर ती नाहीशी होते, थोडं बाजूला पाहिलं की उमटते. अंधारात काम करणाऱ्या पेशी बुबुळासमोरच्या मध्यबिंदूवर नसतात, बाजूला असतात, म्हणून. या पेशी पुऱ्या जाग्या व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा उजळला की हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

याच दिवसांत पहाटे दक्षिणेला अगस्त्य दिसू लागतो. आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा. जुन्या ग्रंथांत अगस्तीच्या उदयाबरोबर गढूळ पाणी निवळतं असं मानलं आहे. आजऱ्याच्या अक्षांशावर तो पहाटे उगवायला ऑगस्टातच लागतो. इथल्या लोकांना मात्र तो दिसतो ढग हटल्यावर, आणि तोवर ओढ्यांचं पाणी खरोखर निवळलेलं असतं. संध्याकाळी नीट बघायचा असेल तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. रात्री पावणेदहा-दहाला तो बरोबर दक्षिणेला, क्षितिजापासून एकवीस अंशांवर असतो. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे सुमारे दहा अंश. दोन मुठी मोजल्या की अगस्त्य सापडला. लंडनमधल्या माणसाला तो जन्मभर दिसत नाही.

आता थंडी, म्हणजे मृगाचं राज्य. तिकांडं म्हणून जे तीन तारे खेड्यातली पोरंही ओळखतात ते मृगाच्या पोटातल्या बाणाचे. त्यांची रेघ खाली वाढवली की व्याध, वर वाढवली की लालसर रोहिणी, आणि त्याच दिशेनं पुढे कृत्तिका. रोहिणीचं आणि आजऱ्याचं एक खास नातं आहे, ते फारसं कुणी सांगत नाही. तिची क्रांती, म्हणजे आकाशाच्या विषुववृत्तापासूनचं अंतर, साडेसोळा अंश उत्तर आणि गावाचा अक्षांश १६.१. त्यामुळे रोहिणी आजऱ्याच्या जवळजवळ थेट डोक्यावरून जाते, फरक पडतो तो चंद्रबिंबाच्या रुंदीपेक्षाही कमी. जानेवारीच्या मध्यात रात्री साडेनऊच्या सुमारास कातळावर उताणं पडून पाहिलं तर नाकासमोर सरळ वर जो तांबूस तारा दिसेल तोच ती. ज्या नक्षत्रावर इकडे धूळवाफ पेरणीची घाई उडते, ते या गावाच्या माथ्यावरचं नक्षत्र आहे.

मृगाच्या खांद्यावरचा काक्षी हा तांबडा तारा हौशी निरीक्षकांना काय करता येतं याचं चांगलं उदाहरण ठरला. २०१९ च्या अखेरीला तो मंद व्हायला लागला. एरवी त्याची प्रत ०.५ च्या आसपास. फेब्रुवारी २०२० मध्ये ती १.६ पर्यंत घसरली. ही प्रत उलटी मोजतात, आकडा वाढला की तेज कमी. रोहिणीची प्रत ०.९ च्या आसपास, म्हणजे जो काक्षी एरवी रोहिणीपेक्षा ठळक असतो तो त्या थंडीत तिच्यापुढे फिका पडला आणि मृगाच्या दुसऱ्या खांद्यावरच्या ताऱ्याइतका उरला. हे समजायला कुठलंही उपकरण लागत नव्हतं. रोज त्याच वेळी बाहेर येऊन रोहिणी आणि दुसरा खांदा यांच्याशी तुलना करायची आणि वहीत लिहायचं, एवढंच. जगभर असंख्य हौशी लोकांनी ते केलं. तारा फुटणार अशी हवा वर्तमानपत्रांनी उठवली होती. पुढे निघालं ते असं, की ताऱ्यानं स्वतःच्या पृष्ठभागावरून बाहेर फेकलेलं द्रव्य थंड होऊन त्याची धूळ झाली आणि ती आपल्या नजरेच्या वाटेत आडवी आली. मला स्वतःला या छंदातली सगळ्यात मोलाची गोष्ट अशी नोंदवही वाटते. फोटो हजारो निघतात, पण तारीख-वेळ घालून केलेली साधी तुलना वर्षानुवर्षं उपयोगी पडते. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मुंबईचं खगोल मंडळ गेली कित्येक वर्षं नव्या मंडळींना हेच शिकवत आली आहेत: आधी डोळे, मग दुर्बीण, मग कॅमेरा.

डिसेंबरातली १३-१४ तारखेची रात्र मिथुनेच्या उल्कांची. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या मागे राहिलेल्या धुळीतून होतात. हा मात्र फेथन नावाच्या, लघुग्रहासारख्या दिसणाऱ्या खडकाच्या धुळीतून होतो, आणि तो खडक सापडला १९८३ मध्ये. मिथुन रास रात्री अडीचच्या सुमारास जवळजवळ माथ्यावर येते, त्यामुळे दहानंतर पहाटेपर्यंत केव्हाही बसावं. ऑगस्टातला ययातीचा वर्षाव जगभर गाजतो, वर्तमानपत्रं त्याच्या बातम्या इथंही छापतात. आजऱ्यात त्या रात्री छत्री घेऊन बसावं लागेल. उल्का कॅमेऱ्यात धरायची तर तिच्या मागे कॅमेरा फिरवून उपयोग नसतो. सगळ्यात रुंद लेन्स लावायची, एका दिशेला रोखून ठेवायची आणि पंधरा-वीस सेकंदांचे फोटो एकामागून एक, थांबू न देता काढत राहायचे. दोनशे फोटोंत चार उल्का निघाल्या तर रात्र सत्कारणी लागली. आणि अडचण कसली, तर दवाची. कातळावर मध्यरात्रीनंतर लेन्सच्या काचेवर दव बसतं आणि फोटोत प्रत्येक ताऱ्याभोवती मऊ वलय उमटू लागतं. हौशी फोटोग्राफर ते सौंदर्य समजून खूश होतात. काच पुसून भागत नाही, पाच मिनिटांत पुन्हा धुरकट होते. तिला हवेपेक्षा जराशी गरम ठेवावी लागते. बाजारात त्यासाठी यूएसबीवर चालणारे गरम पट्टे मिळतात.

कॅमेऱ्याचं गणित एकदा समजून घेतलं की पुढे गोंधळ होत नाही. आकाश तासाला पंधरा अंश फिरतं. कॅमेरा तिवईवर स्थिर. फार वेळ उघडा ठेवला तर ताऱ्याचा ठिपका न राहता रेघ होते. ढोबळ नियम असा की ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरनं भागावं. २४ मिलिमीटरची लेन्स असेल तर वीस सेकंद, ५० ची असेल तर दहा. कॅमेऱ्याचं संवेदक लहान असेल तर आधी लेन्सचा आकडा दीडपट करून घ्यायचा. हा नियम आकाशाच्या विषुववृत्तावरच्या ताऱ्यांसाठी, म्हणजे तिकांड्यासारख्या. ध्रुवाकडे किंवा दूर दक्षिणेकडे तारे लहान वर्तुळात फिरतात, त्यांचा वेग कमी. दक्षिणेला साठ अंश क्रांतीवरचा तारा निम्म्या वेगानं सरकतो, तिथं दुप्पट वेळ चालतो. लेन्सवर अनंताची खूण असते तिच्यावर विसंबू नये. कॅमेऱ्याच्या पडद्यावर व्याधासारखा ठळक तारा मोठा करून घ्यावा आणि तो लहानात लहान होईपर्यंत रिंग हळूहळू फिरवावी. मग ती रिंग चिकटपट्टीनं बंद करावी, अंधारात हात लागतोच.

पुढचा मुद्दा कुरबुरीचा. कमी उजेडात काढलेल्या फोटोत जी रंगीत रवाळ कुरबूर दिसते ती प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी पडते. तारे मात्र तिथंच असतात. म्हणून एकाच भागाचे सोळा फोटो काढून संगणकावर एकावर एक ठेवून सरासरी घेतली तर तारे टिकतात आणि कुरबूर चौथाईवर येते. शंभर फोटोंनी ती दहाव्या हिश्शावर. वर्गमुळाचा हिशेब आहे, म्हणून पहिल्या सोळांचा फायदा मोठा आणि पुढच्या प्रत्येकाचा घटत जाणारा. हल्लीच्या काही फोनमध्ये तारांगणासाठी वेगळी सोय असते, ती आतल्या आत हेच करते. त्यामुळे फोन आहे म्हणून कमीपणा मानायचं कारण नाही. फोन दगडाला टेकवून किंवा साध्या स्टँडवर घट्ट बसवून, वेळाच्या बटणावर ठेवून सोडला तरी मृग उत्तम येतो.

आकाशगंगा डोळ्यांना राखाडी दिसते, कारण अंधारातल्या पेशींना रंग कळत नाही. कॅमेऱ्याला कळतो. धनूमधला पिवळसरपणा, मधल्या धुळीच्या पट्ट्यांचा तपकिरीपणा, वायूच्या ढगांचा गुलाबी रंग हे सगळं खरं असतं. मात्र जांभळी-निळी, मंदिराच्या कळसामागून उभी फुटलेली जी आकाशगंगा समाजमाध्यमांवर फिरते, तिच्यात पुष्कळदा मंदिर एका दिशेचं आणि आकाश दुसऱ्या दिशेचं असतं. चित्र म्हणून हरकत नाही, पण मग खाली तसं लिहावं. दक्षिणेला तोंड करून उभ्या असलेल्या देवळामागे वृश्चिक दाखवणाऱ्या फोटोला दाद देताना निदान एकानं तरी दिशा विचारायला हवी.

फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळी, संधिप्रकाश पूर्ण विरल्यावर, पश्चिमेला एक फिकट उभा सुळका दिसतो. शहरातला माणूस त्याला गावाचा उजेड समजेल. तो राशिप्रकाश. ग्रह ज्या पातळीत फिरतात त्या पातळीत पसरलेल्या बारीक धुळीवरून परतलेला सूर्यप्रकाश. आपल्या अक्षांशावर ही पातळी क्षितिजाशी बरीच ताठ उभी राहते, म्हणून आपल्याला तो युरोपातल्या लोकांपेक्षा चांगला दिसतो. फक्त मार्च लागला की राब भाजायला सुरुवात होते, डोंगरात वणवे लागतात, ऊस गेल्यावर पाला पेटतो, आणि क्षितिजावरचे दहा-पंधरा अंश धुरात जातात. आकाश बघणाऱ्यानं यावर चरफडू नये. तो धूर कुणाच्या तरी पोटापाण्याचा आहे.

एप्रिल-मे हा आजऱ्याचा खरा मोसम. मध्य एप्रिलला आकाशगंगेचा गाभा रात्री साडेअकराच्या सुमारास उगवतो, मध्य मेला साडेनवाला, आणि पहाटे पावणेतीन-तीनला दक्षिणेला पंचेचाळीस अंशांवर, म्हणजे क्षितिज आणि माथा यांच्या बरोबर मध्यावर येतो. लंडनमध्ये तो साडेनऊ अंशांच्या वर चढत नाही. वळीव नेमका याच महिन्यांत येतो, पण वळवाची सर येऊन गेल्यावर तासाभरात जी हवा मिळते तिला तोड नाही. धूळ बसलेली असते आणि तारे क्षितिजापर्यंत उतरतात.

त्रिशंकू पाहायचा तो अशा रात्री. मध्य मेला साडेनवाच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेला उभा असतो, डावीकडे मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे. मित्र हा नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांतला सूर्यानंतरचा आपल्याला सगळ्यात जवळचा. त्रिशंकूचा तळचा तारा जेमतेम पावणेअकरा अंशांवर, वरचा सुमारे सतरा अंशांवर. आता मागे वळून उत्तरेला पाहा. ध्रुव सोळा अंशांवर. गावाचा अक्षांश जितका तितकीच ध्रुवाची उंची, हा नियम. म्हणजे आजऱ्यात त्रिशंकूचा माथा आणि ध्रुवतारा जवळजवळ सारख्या उंचीवर समोरासमोर असतात आणि मान वळवून एका मिनिटात दोन्ही पाहता येतात. दिल्लीकराला त्रिशंकूचा तळ दिसत नाही, सिडनीकराला ध्रुव. इतक्या खाली उतरलेल्या ध्रुवामुळे आणखी एक गोष्ट घडते: सप्तर्षी कायम आकाशात असतात ही पुस्तकातली समजूत इथं लागू पडत नाही. आजऱ्यात सप्तर्षी चक्क मावळतात.

दक्षिणेकडचे असे फोटो एकावर एक ठेवून उजळले की अनेकांना एक गोष्ट खटकते. आकाशाचा रंग काळा न येता त्यात हिरवट, कधी तांबूस पट्टे येतात. लोक कॅमेऱ्याला दोष देतात आणि संगणकावर ते पट्टे पुसून टाकतात. तो वातावरणाचा स्वतःचा प्रकाश आहे. दिवसा सूर्यानं मोडलेले रेणू-अणू रात्री पुन्हा जुळताना मंद चमकतात. ऑक्सिजनचा हिरवा प्रकाश सुमारे ९५-१०० किलोमीटर उंचीवरून, तांबडा सुमारे अडीचशेवरून. विशेष म्हणजे याच प्रकाशाचा अभ्यास आपल्या जिल्ह्यात झाला आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पन्हाळ्यावरून आणि कोल्हापुरातून, अख्खं आकाश एका चौकटीत घेणारे कॅमेरे लावून रात्री-रात्री याची चित्रं घेतली. तांबड्या प्रकाशात दक्षिणोत्तर काळे पट्टे पूर्वेकडे सरकताना दिसतात. वरच्या आयनमंडलात विषुववृत्ताकडून उठणारे पोकळ फुगे ते. त्यांच्यामुळे उपग्रहांचे संदेश थरथरतात आणि जीपीएस चुकतं. हौशी माणसाच्या साध्या कॅमेऱ्यात हे काळे पट्टे क्वचितच येतील. हिरवा मात्र हमखास येतो, आणि तो पुसू नये अशी माझी विनंती.

मेच्या पहिल्या आठवड्यात आजऱ्यात दिवसा आणि रात्री दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र येतात. सूर्याची क्रांती गावाच्या अक्षांशाएवढी होते, त्यामुळे दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या काठीची सावली तिच्या पायाशी गडप होते. शाळेच्या पटांगणात करून दाखवण्याजोगा याहून सोपा प्रयोग नाही, दुर्दैवानं तेव्हा शाळांना सुट्टी असते. सूर्य परत ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात डोक्यावर येतो, तेव्हा शाळा उघडी असते पण ऊन नसतं. आणि त्याच मे महिन्याच्या आठवड्यात पहाटे साडेतीननंतर पूर्वेला कुंभेच्या उल्का. ही हॅलेच्या धूमकेतूची धूळ. हा वर्षाव दक्षिणेकडच्या लोकांना चांगला दिसतो, उत्तरेकडे कुंभ रास वर येईपर्यंत उजाडतं. आपण मधले, आपल्याला तासभर तरी मिळतो.

मग मृग लागतो. पावसानं आकाश झाकल्याची चरफड जुनी आहे आणि मोठ्या माणसांनीही ती केली आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा आपल्या भागावरून पूर्वेला गेला. ऐन पावसाळा. निरीक्षकांनी घाट ओलांडून पावसाच्या सावलीतल्या जागा निवडल्या. विल्यम हर्शेलचा नातू लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात गेला, कॅप्टन हेग विजापूरला, फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन थेट गुंटूरला. जमखंडीलाही ढगांनी हर्शेलला सतावलं, तरी सूर्याच्या कडेच्या ज्वालांचा वर्णपट त्याला मिळाला. त्या ग्रहणात दिसलेली पिवळी रेषा पुढे हेलियमची ठरली. आपल्याकडे पुष्कळ लेखांत आणि भाषणांत हा शोध विजयदुर्गावर लागला असं सांगतात. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात ते खरे, पण हा शोध ज्याच्या नावावर सांगतात तो नॉर्मन लॉकियर विजयदुर्गाला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. १८६८ मध्ये तो इंग्लंडमध्येच होता आणि त्यानं सूर्यज्वालांचा वर्णपट घेतला तो त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, ग्रहण नसताना. रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीनं पृथ्वीवर हेलियम शोधला १८९५ मध्ये, म्हणजे लॉकियर विजयदुर्गात पाऊल ठेवण्याआधी. कोकणाला मिरवायला १८९८ चं ग्रहण पुरेसं आहे. जानेवारीचं स्वच्छ आकाश, विजयदुर्गावर लॉकियर, सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला लिक वेधशाळेचा कॅम्बेल आणि पुण्याच्या वेधशाळेचे नायगमवाला. त्याच मुलखात तीस वर्षांच्या अंतरानं दोन ग्रहणं झाली, एक पावसाळ्यात, एक हिवाळ्यात, आणि कुणाच्या पदरात किती पडलं हे बरंचसं महिन्यावरून ठरलं.

जुलै २०२० मधला निओवाइज धूमकेतूही असाच आषाढ-श्रावणातला. जगभर त्याचे फोटो निघत होते आणि सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो कोसळत होतं. ऑक्टोबर २०२४ चा त्सुचिन्शान-ॲटलास निदान पाऊस सरतानाच्या महिन्यात संध्याकाळी पश्चिमेला आला. पावसाळ्यातल्या चार महिन्यांत एखादी उघडीप मिळते, श्रावणात तर मिळतेच, तेव्हा जे दिसेल ते पाहून घ्यावं. एरवी थंडीतले फोटो काढून बसावं, नोंदवही लावावी, लेन्स सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट डब्यात ठेवावी. आजऱ्याच्या ओलीत काचेवर बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो.

हॅलेचा धूमकेतू मागच्या खेपेला फेब्रुवारी १९८६ मध्ये सूर्याजवळून गेला आणि एप्रिलात दक्षिण आकाशात आपल्या सोयीच्या जागी होता. आपल्याकडच्या कित्येकांना आकाशाचा नाद लागला तो त्या वर्षी. पुढच्या खेपेला तो सूर्याजवळ असेल २८ जुलै २०६१ ला. त्या तारखेला आजऱ्यात पुष्याचा, म्हाताऱ्याचा पाऊस असतो. ज्यांना धूमकेतू गाठायचाच असेल त्यांनी हर्शेलसारखा घाटाकडचा पाऊस मागे टाकून जमखंडी-विजापूरच्या बाजूला जाण्याची तयारी ठेवावी.